बंदूक द्यायची, पण कशाच्या बदल्यात?

15 ऑक्टोबर 2024 रोजी महाराष्ट्र विधानसभेची आचारसंहिता लागली, 20 नोव्हेंबरला मतदान झाले आणि 23 तारखेला निकाल आला. मावळात हेच दिवस भाताच्या काढणीचे. पवन मावळ, आंदर मावळ, नाणे मावळ या तिन्ही खोऱ्यांत खाचरे पिकलेली असतात, डोंगराच्या अंगाने रात्री रानडुकरे उतरतात आणि एका रात्रीत अर्धे खाचर लोळवून जातात. ज्याच्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बारा बोअरची बंदूक आहे, त्याला नेमका याच दिवसांत ठाण्यातून निरोप येऊ शकतो की बंदूक जमा करा. बंदुकीची गरज आणि बंदूक देण्याची सक्ती एकाच पंधरवड्यात समोरासमोर येतात.

ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, न्यूझीलंड, ब्राझील या देशांनी नागरिकांकडून बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. तिथे अशा योजनांवर सर्वांत मोठा आवाज असतो बंदूक बाळगणाऱ्यांचा, कारण योजना चालणार की फसणार हे त्यांच्या मनावर ठरते. भारतात परवानाधारकांकडून शस्त्र विकत घेण्याची सर्वसाधारण योजना नाही. पण शस्त्र परत घेण्याचे मार्ग आपल्याकडेही आहेत आणि त्यांचा अनुभव मावळ-लोणावळ्यासारख्या भागातल्या परवानाधारकांना चांगला आहे. त्या अनुभवावरून उद्या अशी योजना आलीच तर इथला माणूस काय म्हणेल, हे बऱ्यापैकी सांगता येते. परवानाधारक बंदुकीला कवटाळून बसलेला नाही. ती मोबदल्याविना आणि संशयाने मागितली जाते, आणि तिचे काम पुढे कोण करणार हे त्याला कोणी सांगत नाही, म्हणून तो अडून बसतो.

शस्त्र खाली ठेवण्याची आठवण

मावळाच्या मातीत शस्त्र सोडण्याचा अर्थ हरणे असाच राहिला आहे. जानेवारी 1779 मध्ये मुंबईहून बोरघाट चढून आलेली इंग्रजांची फौज तळेगावपर्यंत पोचली. पुढचा मुलूख मराठ्यांनी ओस पाडलेला, रसद तुटलेली. 11 जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, साठा जाळला आणि माघार घेतली. वडगावात वेढले गेल्यावर त्यांना तह करावा लागला. त्याआधी कार्ल्याजवळ पडलेला कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे लोकांच्या तोंडचा इष्टुर फाकडा, याची समाधी वडगावात आजही दाखवतात. एकोणचाळीस वर्षांनी फासे उलटे पडले. मार्च 1818 मध्ये लोहगड-विसापूर इंग्रजांच्या हाती गेले आणि शस्त्रे खाली ठेवण्याची पाळी इकडच्यांवर आली.

1857 नंतर इंग्रजांनी देशभर निःशस्त्रीकरण केले आणि 1878 मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा आला. युरोपीय माणसाला सूट आणि देशी माणसाला परवाना, हा त्यातला भेद लोकांना फार बोचला. दुसऱ्याच वर्षी, 1879 मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड पुणे जिल्ह्यातूनच उठले. पुढे काँग्रेसच्या अधिवेशनांतून हा कायदा सैल करण्याची मागणी वर्षानुवर्षे होत राहिली. 1931 च्या मूलभूत हक्कांच्या ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाला असावा, असे कलमही होते. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेत तो हक्क आला नाही. 1959 च्या शस्त्र अधिनियमाने शस्त्र ही सरकारच्या परवानगीची बाब ठरवली आणि आजही कायद्याची चौकट तीच आहे.

हा इतिहास आज कोणी रोज आठवत बसत नाही. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरातल्या जुन्या तलवारीशेजारी आजोबांची दुनळी ठेवून तिला हळदकुंकू वाहिले जाते, तेव्हा ती त्या घराच्या इभ्रतीची वस्तू असते. ती कोणत्या कागदावर सही करून द्यायची, यावर तिच्या मालकाचा होकार-नकार बराचसा अवलंबून असतो.

आजचा कायदा शस्त्र कसे परत घेतो

आपल्याकडे परवान्याचे शस्त्र परत जाण्याच्या तीन वाटा आहेत आणि तिन्हींत सरकार पैसे देत नाही.

पहिली वाट निवडणुकीची. आचारसंहिता लागली की परवानाधारकांची शस्त्रे तात्पुरती जमा करून घेतात. पूर्वी हा आदेश सरसकट निघायचा. 2009 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने असा सरसकट आदेश योग्य नाही असे म्हटले. प्रत्येक परवानाधारकाचा वेगळा विचार करण्यासाठी जिल्ह्यात छाननी समिती असावी, जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळातल्या दंगलीत, सामील असलेले अशांकडे आधी पाहावे, अशी दिशा त्यातून मिळाली. निवडणूक आयोगाच्या सूचनाही आज याच धर्तीवर आहेत. नेमबाज खेळाडूंना आणि बँकांच्या सुरक्षेवर असलेल्यांना सवलतीची तरतूद आहे. तरीही गावपातळीवर निरोप येतो तो बहुधा सर्वांना सारखाच. समितीने आपला विचार केला का, कोणत्या कारणाने केला, हे शेतकऱ्याला कळत नाही. सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाचे परवाने मोठ्या संख्येने आहेत आणि तिथले शेतकरी या काळात सूट मिळावी म्हणून वारंवार मागणी करत आले आहेत. मावळातल्या भातशेतकऱ्याचे गाऱ्हाणे त्याहून वेगळे नाही.

दुसरी वाट शस्त्र अधिनियमाच्या 2019 च्या दुरुस्तीची. त्याआधी एका परवानाधारकाला तीन शस्त्रे ठेवता येत होती. नोव्हेंबर 2019 मध्ये संसदेत आलेल्या विधेयकात ती संख्या थेट एकावर आणली होती. जुन्या घराण्यांचे वारस, निवृत्त सैनिक, नेमबाज, पंजाब-राजस्थानातले राजकीय नेते अशा अनेकांनी आक्षेप घेतले आणि शेवटी मर्यादा दोन शस्त्रांवर ठरली. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली, हा भाग सगळ्यांना आवडला. तिसरे शस्त्र मात्र 13 डिसेंबर 2020 पर्यंत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे होते, आणि सैन्यदलातल्या माणसाने आपल्या युनिटच्या शस्त्रागारात. देशभर लागू झालेली अलीकडची सर्वांत मोठी शस्त्र-वापसी ती हीच, आणि सरकारने त्यासाठी कोणतीही किंमत ठेवली नाही. विक्रेत्यामार्फत गिऱ्हाईक मिळाले तर पैसे, नाहीतर शस्त्र गेले.

तिसरी वाट याच अधिनियमाच्या कलम 21 ची. परवाना रद्द झाला, मुदत संपली किंवा परवानाधारक वारला, तर शस्त्र ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करावे लागते. ठरलेल्या मुदतीत मालक किंवा वारस ते परत घेऊ शकतो किंवा पात्र माणसाला विकू शकतो. दोन्ही झाले नाही, तर जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने ते सरकारजमा होते. बंदूक कोणाच्या मनात नसताना घरातून जाते ती बहुतेक याच वाटेने.

मावळात बंदूक कोणाच्या घरी असते

2016 अखेरच्या आकडेवारीनुसार देशात सुमारे 33 लाख 69 हजार शस्त्र परवाने होते. त्यातले एकट्या उत्तर प्रदेशात पावणेतेरा लाखांच्या वर आणि महाराष्ट्रात सुमारे 84 हजार. म्हणजे महाराष्ट्र हे बंदुकांचे राज्य नाही. पण ज्या थोड्या घरांत त्या आहेत, तिथे त्या ठेवण्याची कारणे वेगवेगळी आहेत आणि म्हणूनच मतेही वेगवेगळी.

मावळ तालुक्याची आणखी एक अडचण आहे. लोणावळा, कामशेत, वडगाव ही ठाणी पुणे ग्रामीण पोलिसांकडे आहेत, तर तळेगाव आणि देहूरोड 2018 मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात गेले. म्हणजे एकाच तालुक्यात काहींचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडून, तर काहींचा पोलीस आयुक्तांकडून. नूतनीकरणाला किती दिवस लागतात आणि जमा करायचा आदेश कोणाच्या सहीने येतो, याचा अनुभव शेजारच्या दोन गावांत वेगळा असू शकतो.

पहिला गट शेतकऱ्यांचा. त्यांच्याकडे एकनळी किंवा दुनळी असते, जुन्या घरांत ठासणीची. कायद्याने रानडुक्कर मारायला वन खात्याची परवानगी लागते आणि बिबट्याकडे तर बंदूक रोखायचाही प्रश्न येत नाही. त्यामुळे शेतातली बंदूक बहुतेक वेळा हवेत बार काढायला लागते. डबे बडवून, फटाके उडवून, मचाणावर शेकोटी पेटवून भागत नाही तेव्हा शेतकरी एक बार काढतो आणि कळप पांगतो. काडतुसांचा हिशेब द्यावा लागतो, म्हणून तोही जपूनच. या माणसाला बंदुकीचा अभिमान असतोच असे नाही. तिचे पैसे मिळाले तर तो नाही म्हणणार नाही. पण त्याचा प्रश्न सरळ आहे: बंदूक दिली तर पुढच्या कार्तिकात डुकरे कोण हाकलणार? नुकसानभरपाईसाठी वन, महसूल आणि कृषी या तीन खात्यांच्या कर्मचाऱ्यांचा पंचनामा लागतो. तो होईपर्यंत पीक चिखलात जाते आणि मिळणारी रक्कम बियाणे, लावणी, मजुरी यांच्याजवळही पोचत नाही, ही त्याची तक्रार आहे.

दुसरा गट माजी सैनिकांचा. मावळातून आणि शेजारच्या तालुक्यांतून सैन्यात गेलेले अनेक जण निवृत्तीनंतर बँकेत, रोकड नेणाऱ्या गाडीवर किंवा कारखान्यात सशस्त्र रक्षक म्हणून काम करतात. तळेगाव-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात अशा नोकऱ्या आहेत. पुष्कळ ठिकाणी नोकरीची अटच असते की बंदूक आणि परवाना स्वतःचा हवा. या माणसाच्या हातातली एकनळी म्हणजे त्याचा पगार. पैसे देऊन ती कायमची घ्या असे सरकार म्हणाले तर तो विचारेल, नोकरीही देणार का? त्याची नाराजी बंदुकीच्या किमतीवर नसून उत्पन्नाचे साधन जाण्यावर आहे.

तिसरा गट रिव्हॉल्व्हर-पिस्तुलवाल्यांचा. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत द्रुतगती महामार्ग, औद्योगिक वसाहती, लोणावळ्याचे बंगले आणि दुसऱ्या घरांचे प्रकल्प यांनी मावळ-मुळशीतल्या जमिनींना सोन्याचा भाव आणला. त्याबरोबर भांडणे, दलाली, धाकदपटशा आला, आणि जिवाला धोका असल्याचे कारण देऊन पिस्तुलाचा परवाना मागणारेही वाढले. काहींचा धोका खरा असतो. काहींसाठी कमरेचे पिस्तूल ही प्रतिष्ठेची वस्तू असते. 2024 मध्ये मुळशीतल्या धडवली गावची एक चित्रफीत राज्यभर पाहिली गेली. जमिनीच्या वादात एक महिला शेतकऱ्यांसमोर पिस्तूल घेऊन उभी होती, आणि पुढे तिला अटक झाली. त्याच वर्षी 2 फेब्रुवारीला उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात एका आमदाराने परवान्याच्या शस्त्रातून गोळ्या झाडल्या, तर 8 फेब्रुवारीला दहिसरमध्ये अंगरक्षकाच्या नावावर असलेल्या पिस्तुलाने एका माजी नगरसेवकाचा जीव घेतला. बीड जिल्ह्यात डिसेंबर 2024 मध्ये सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाल्यावर तिथले बाराशेहून अधिक शस्त्र परवाने चर्चेत आले आणि प्रशासनाने फेरतपासणी करून अनेक रद्द केले. या गटाला खरेदी योजना नको आहे, कारण परवान्याची किंमत त्यांच्या लेखी बंदुकीहून जास्त आहे. इथे खरेदीपेक्षा कडक फेरतपासणी हाच रास्त उपाय आहे, आणि या मुद्द्यावर जुने परवानाधारक शेतकरीही सरकारच्या बाजूने असतात. त्यांची नाराजी अशी की पिस्तुलवाल्याच्या वागण्याचा भुर्दंड एकनळीवाल्याला बसतो.

चौथा गट वारसांचा, आणि तो सर्वांत दुर्लक्षित आहे. लोणावळा-खंडाळ्याच्या जुन्या बंगल्यांत आणि मावळातल्या वाड्यांत 1972 चा वन्यजीव कायदा येण्याआधीच्या शिकारीच्या काळातल्या बंदुका अजून आहेत. मालक थकलेला, मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशात. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार वयाची सत्तर वर्षे किंवा बंदूक बाळगून पंचवीस वर्षे झाली की हयातीतच वारसाच्या नावे करता येते, पण वारसाला परवाना हवाच असतो असे नाही. मालक गेल्यावर ती बहुधा त्याच्या बायकोच्या गळ्यात पडते. तिला ती चालवता येत नाही, विकायचा रस्ता ठाऊक नाही, घरात ठेवली तर गुन्हा. ठाण्यात जमा करून ती पावती कपाटात ठेवते आणि मुदत उलटल्यावर बंदूक सरकारजमा होते.

पाचवा गट नेमबाजांचा. पॅरिसमध्ये 2024 साली स्वप्नील कुसळेने 50 मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवले, त्याआधी अंजली भागवत, तेजस्विनी सावंत यांनी वाट घालून दिली. बालेवाडीच्या संकुलात तालुक्यातली मुलेही सराव करतात. त्यांच्यासाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे.

जमा करण्याचा अनुभव

शस्त्र द्यायला माणूस का कचरतो, याचे उत्तर जमा करण्याच्या साध्या पद्धतीत सापडते. मालक बंदूक मोडून, नळी रिकामी असल्याचे दाखवून टेबलावर ठेवतो. नोंदवहीत परवाना क्रमांक, बंदुकीचा क्रमांक, नळीची लांबी, काडतुसांची संख्या लिहिली जाते, पावती फाडली जाते, कुंद्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधली जाते आणि बंदूक मुद्देमालाच्या खोलीत जाते. त्या खोलीत जप्त केलेले कोयते, चोरीच्या दुचाकींचे सुटे भाग, दारूचे कॅन यांच्यात ती महिनाभर उभी राहते. लोणावळ्यासारख्या, वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या ठिकाणी तेलाचा बोळा न फिरवलेली नळी आतून किती लवकर गंजते, हे बंदूक वापरणाऱ्याला सांगावे लागत नाही. परत मिळालेली बंदूक घरी आणून गजाला चिंधी गुंडाळून पुसायला घेतली की चिंधी तांबडी निघते. त्याला यात अपमान दिसतो. त्याने कोणताही गुन्हा केला नाही, परवाना दर पाच वर्षांनी चौकशी होऊन मिळतो, आणि त्याची वस्तू मात्र मुद्देमालात.

विकत घेण्याच्या योजनेवर त्याचा पहिला प्रश्न म्हणूनच किमतीआधी भरवशाचा असतो. महिनाभर जमा केलेली बंदूक नीट परत मिळत नसेल, तर कायमची दिलेल्या बंदुकीचे पैसे वेळेवर मिळतील यावर तो का विश्वास ठेवील?

किंमतही साधी गोष्ट नाही. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी बंदूक आयात करणे बंद झाले. त्यामुळे त्याआधीच्या इंग्लिश-जर्मन बनावटीच्या शस्त्रांचा जुन्या बाजारातला भाव चढतच गेला. कानपूर-ईशापूरच्या सरकारी कारखान्यांत बनणारे .32 रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूलही लाखाच्या आसपास जाते. याउलट गावातली साधी एकनळी विकायला काढली तर गिऱ्हाईक मिळत नाही, कारण नवा परवाना मिळणे अवघड. म्हणजे एकाच योजनेत एका मालकाला भंगाराचा भाव म्हणजे लूट वाटेल आणि दुसऱ्याला तोच भाव दिलासा वाटेल. एक दर लावून चालणार नाही.

बाहेरच्या देशांचा अनुभव

28 एप्रिल 1996 रोजी ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थर येथे 35 जण मारले गेले. काही दिवसांतच पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या पुढाकाराने अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी आली आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका बाजारभावाने विकत घेतल्या गेल्या. पैसा कुठून आला, तर आरोग्यविम्यासाठीच्या करात एका वर्षापुरती 0.2 टक्क्याची वाढ करून. शेतकरी आणि शिकारी संतापले होते. सेल गावच्या सभेत हॉवर्ड अंगात बुलेटप्रूफ जाकीट घालून बोलले. तरीही बहुसंख्यांनी बंदुका दिल्या, कारण बंदी सर्वांना सारखी होती, पैसे मिळत होते आणि नेहमीच्या शेतकामाची बंदूक परवान्यावर ठेवता येत होती. आत्महत्या आणि खून किती घटले आणि त्यात योजनेचा वाटा किती, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. डिसेंबर 2025 मध्ये सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर 15 जणांचा बळी गेल्यावर ऑस्ट्रेलियाने पुन्हा नव्या खरेदीची घोषणा केली.

ब्रिटनने 1996 च्या डनब्लेन शाळेतील हत्याकांडानंतर पिस्तुले बंद केली आणि सुमारे 1 लाख 62 हजार पिस्तुले भरपाई देऊन घेतली. न्यूझीलंडमध्ये 15 मार्च 2019 रोजी क्राइस्टचर्चच्या मशिदींत 51 जण मारले गेल्यावर वर्षाच्या आत 56 हजारांहून अधिक बंदुका विकत घेतल्या गेल्या. त्यांनी बंदुकीच्या स्थितीनुसार मूळ किमतीच्या 25, 70 किंवा 95 टक्के असे तीन दर ठेवले. तिथल्या परवानाधारकांच्या संघटनेचा आक्षेप होता तो किमतीपेक्षा, एका गुन्हेगारासाठी सगळ्या कायदेपालकांना संशयित ठरवण्याला. ब्राझीलने 2003 च्या कायद्यानंतर चार लाखांहून अधिक बंदुका लोकांकडून घेतल्या, पण 2005 च्या सार्वमतात विक्रीवरच्या संपूर्ण बंदीला सुमारे 64 टक्के मतदारांनी नकार दिला. पोलीस वाचवायला येतील असा विश्वास नसल्याने लोकांनी बंदूक ठेवण्याच्या बाजूने मत दिले, असे त्यावेळी मानले गेले.

अमेरिकेत शहरे अधूनमधून बंदुका आणून द्या आणि भेटकार्ड घ्या असे मेळावे भरवतात. अभ्यासांत असे दिसले की त्यातून बंदुकीच्या गुन्ह्यांत घट होत नाही, कारण येतात त्या पोटमाळ्यावरच्या, मृत आजोबांच्या, मोडलेल्या बंदुका. पण त्याच गोष्टीकडे दुसऱ्या बाजूने पाहिले तर ज्याला बंदूक नको आहे त्याला सुरक्षितपणे सोडण्याची जागा मिळते. मावळातल्या वारसांना नेमकी तीच हवी आहे.

बेकायदा शस्त्रांचे काय

परवानाधारकांचा सर्वांत ठाम मुद्दा असा की गोळी चालवणाऱ्याकडे परवाना नसतो. हा मुद्दा पुराव्यांशी जुळतो. देशात बंदुकीने होणाऱ्या खुनांत बहुतांश शस्त्रे बिनपरवाना असतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंदणीची आकडेवारी सांगत आली आहे. पुणे परिसरात सापडणारी गावठी पिस्तुले मोठ्या प्रमाणात मध्य प्रदेशातून, जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून असलेल्या बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टी गावातून येतात. नोव्हेंबर 2025 मध्ये पुणे पोलिसांनी तिथे जाऊन भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. 12 मे 2023 रोजी तळेगाव दाभाडे नगरपरिषदेच्या आवाराजवळ एका स्थानिक नेत्याचा भरदिवसा खून झाला, त्याची दहशत मावळ अजून विसरलेला नाही. अशा घटनांनंतर परवानाधारकांकडून बंदुका विकत घेतल्या तर गुन्हेगारी कमी होईल, असे सरकारने सांगितले तर ते लोकांना पटणार नाही आणि ते खरेही ठरणार नाही.

परवान्याच्या बंदुकीचे धोके वेगळे आहेत: घरातले भांडण, लग्नाच्या वरातीत बार, आत्महत्या, चोरी, आणि मालक गेल्यावर कोणाच्या हाती लागेल याचा नेम नसणे. 2019 च्या दुरुस्तीने हर्षाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठेवली ती याचमुळे. खरेदी योजनेचा उद्देश हे धोके कमी करणे एवढाच असेल, तर ती प्रामाणिक ठरेल.

महाराष्ट्रातच एक उदाहरण आहे

शस्त्र देणाऱ्याला काहीतरी परत देण्याची पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. गडचिरोलीत 2005 पासून राज्याच्या आत्मसमर्पण योजनेत शस्त्रासह शरण येणाऱ्याला शस्त्राच्या प्रकारानुसार वेगळी रक्कम मिळते. 15 ऑक्टोबर 2025 रोजी माओवादी नेता भूपती आपल्या साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला, तेव्हा पन्नासहून अधिक शस्त्रेही खाली ठेवली गेली. आपल्या विषयाला त्याहून जवळची गोष्ट साध्या गावकऱ्यांची आहे. तिथल्या आदिवासींकडे पिढ्यान्‌पिढ्या ठासणीच्या भरमार बंदुका होत्या, शिकार आणि राखणीसाठी. पोलिसांनी गावोगावी आवाहन केले, गुन्हा नोंदवणार नाही अशी हमी दिली आणि त्याबरोबर दाखले, योजना, रोजगार यांसाठी दादालोरा खिडकी उघडली. अनेक गावांनी भरमार बंदुका स्वतःहून आणून दिल्या. मणिपूरमध्येही 2025 च्या सुरुवातीला राज्यपालांनी मुदत देऊन केलेल्या आवाहनाला सुमारे हजार लुटलेली शस्त्रे परत आली.

म्हणजे महाराष्ट्राचे शासन बंदूकधाऱ्याला विश्वासाने हाक मारू शकते आणि बंदुकीच्या बदल्यात काही देऊ शकते. मग मावळातल्या, एकही गुन्हा नोंद नसलेल्या भातशेतकऱ्याला किंवा विधवेला तीच वागणूक का मिळू नये?

काय करता येईल

पहिली गोष्ट वारसांची. मालक वारल्यावर किंवा त्याने वयामुळे परवाना सोडल्यावर, मुदत उलटून बंदूक सरकारजमा होण्याची वाट न पाहता शासनाने ती ठरलेल्या दराने विकत घ्यावी. योजना ऐच्छिक असावी आणि रक्कम खात्यात जमा झाल्यावरच बंदूक नष्ट करावी. न्यूझीलंडसारखे स्थितीनुसार दर ठेवावेत. जुन्या, ऐतिहासिक मोलाच्या बंदुका वितळवण्याऐवजी निकामी करून पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी घराण्याच्या नावासह ठेवल्या, तर इभ्रतीचा अडसरही निघतो.

दुसरी गोष्ट शेतकऱ्याची. त्याच्याकडे बंदूक मागण्याआधी डुकरे अडवणारे कुंपण द्या. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदान आहे. ते वनक्षेत्रालगतच्या मावळातल्या गावांना आधी द्यावे, पंचनामे काढणीच्या हंगामात वेळेत व्हावेत, आणि मग बंदूक विकायची का हे शेतकऱ्याने ठरवावे. कुंपण टिकले तर पुष्कळजण बंदूक आपणहून देतील, कारण परवान्याचे नूतनीकरण, काडतुसांचा हिशेब आणि रात्रीची जाग त्यांनाही नको आहे.

तिसरी गोष्ट निवडणुकीची. छाननी समितीने प्रत्येक नावाचा विचार खरोखर करावा आणि शेतीसंरक्षणाच्या परवानाधारकाला कारण लेखी कळवावे. जमा केलेली शस्त्रे मुद्देमालापासून वेगळ्या, कोरड्या कपाटात राहावीत. यासाठी फार मोठा खर्च येत नाही, आणि पुढच्या कोणत्याही योजनेवर लोक विश्वास ठेवतील की नाही ते यावरच ठरेल.

चौथी गोष्ट पिस्तुलांची. तिथे खरेदीचे गाजर नको. जिवाला धोका असल्याचे कारण दर नूतनीकरणाला नव्याने तपासले जावे, आणि ते उरले नसेल तर परवाना संपावा.

एक आक्षेप राहतो. सरकारी पैसा रस्ते-शाळांऐवजी बंदुका विकत घेण्यावर का खर्चावा? योजना फक्त वारसांच्या आणि स्वेच्छेने सोडलेल्या बंदुकांपुरती ठेवली तर तिचा बोजा लहानच राहील. राज्यातले परवानेच 84 हजारांच्या आसपास होते, आणि त्यातले दरवर्षी संपणारे थोडेच. त्या मोबदल्यात शेकडो घरांतून, ज्यांना ती चालवायची नाही त्यांच्या हातून, बंदूक सुरक्षितपणे बाहेर पडेल.

मावळ हा याच्या सुरुवातीला योग्य तालुका आहे. ग्रामीण पोलीस आणि आयुक्तालय दोन्ही इथे आहेत, डुकरांनी हैराण झालेली गावे आहेत, जमिनीच्या पैशातून आलेली पिस्तुले आहेत आणि बंगल्यांतल्या विसरलेल्या दुनळ्याही आहेत. एका वर्षासाठी इथे वारसांच्या बंदुकांची खरेदी आणि काही गावांत सौर कुंपण अशी जोड करून पाहावी. लोक बंदुका देतात का आणि कोणत्या देतात, हे त्यातूनच कळेल. हे करून पाहण्याआधी परवानाधारकाला हट्टी ठरवणे अन्यायाचे आहे.